कमरपट्ट्याचा आकडा

गिरगाव, १९५६. शुक्रवार, संध्याकाळ.

संचारबंदी लागायच्या आत नवरीचे मामा कमरपट्टा न्यायला लालबागहून आले. चांदीचा आकडा कडक व्हायला मंद आचेवर अजून तासभर हवा होता, पण मी तो काढला. अण्णांना हल्ली नीट दिसत नाही. त्यांनी विचारलं, "कडक झालाय ना गं?" मी हो म्हणाले. का म्हणाले? ज्यांनी हे काम शिकवलं त्यांनी हात लावूनही पाहिला नाही. मामा हसून म्हणाले, "अण्णा, पोरगी तुमच्या वरताण निघाली."

ते गेल्यावर सोबतच काढलेला दुसरा आकडा अंगठ्याने दाबला. मेणासारखा वाकला. आता रस्ते बंद आहेत, कुणाला पाठवू? उद्या लग्न. नवरी एकेका वडीलधाऱ्यापुढे नमस्काराला वाकेल, आणि दरवेळी तो आकडा थोडा थोडा उघडत जाईल.