उभ्यानं घेतलेलं माप

३ फेब्रुवारी
बंगळूरच्या कंपनीचं कापड आलं. आग न धरणारं. दोन सुटांपुरतंच, मापात. एक ऋतुजाचा — करकंबची पोर, खासगी यानातून एकटी अंतराळात जाणार! दुसरा कुमारचा. ती अडली तर तो जाणार. आमच्या गणवेशाच्या कारखान्याला काम मिळालं म्हणून मालक रुद्रप्पांनी पेढे वाटले. खाल्ला. बायको जाऊन चार महिने झाले, कशालाच चव नाही.

५ फेब्रुवारी
ऋतुजाचं माप घेतलं. कापड कापलं.

१४ फेब्रुवारी
ऋतुजा फिटिंगला आली. उभी राहिली तर झकास! मग म्हणाली, "मामा, आमी असं उभं न्हाय जात की. उताणं पडून, गुडघं वर घेऊन." कटिंगच्या टेबलावरच आडवी झाली. पाठ ओढली, गळा आवळला. "दम घेता येईना की!"
चाळीस वर्षं पोलिसांचे, कंडक्टरांचे गणवेश कापले. सगळे सावधानमध्ये उभे! आधी विचारायला काय झालं होतं मला? शिलाईत जादा कापडही सोडलं नव्हतं. माती खाल्ली मी.

१५ फेब्रुवारी
कुमारचं कापड अजून कापलं नव्हतं. पण तो ठेंगणा. तिला ते चार बोटं कमी पडतं आणि जोड चालत नाही म्हणे. नवं कापड यायला दोन महिने. कंपनीत पैसे लावणारे तारीख हलवायला तयार नाहीत. कंपनीचे साहेब फोनवर एवढंच म्हणाले, "मग कुमार जाईल."

१६ फेब्रुवारी
ऋतुजाचा फोन. "सात वर्सं घासली मी! तुमी एका कात्रीत घालवली!" फोन ठेवला. चहा घेतला. वाईटसुद्धा वाटेना — ह्याचंच जरा भ्या वाटलं.

२० फेब्रुवारी
कुमारला टेबलावर झोपवून माप घेतलं. गुदगुल्या होतात म्हणून हसत होता. बोलका पोरगा.

२७ फेब्रुवारी
कुमारला सूट पहिल्याच झटक्यात बसला. रुद्रप्पांनी पाठ थोपटली.

१२ मार्च
वर जाताना दोन मिनिटांत यान फुटलं. कुमार गेला.
ऋतुजाचा फोन आला. "मामा, तुमी वाचिवलं मला," म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडलो — बायको गेल्यापासून पहिल्यांदा, ढसाढसा. कशासाठी, ते तिला सांगितलं नाही. कुमारचा सूट मी बिनचूक शिवला होता.