संत्र्याच्या दोन फोडी

नागपूर, सोमवार

प्रिय बाबा,
दवाखान्यातून तुमच्या प्रज्ञाचा मनापासून जयभीम.

तुम्ही फोन उचलून नाही राहिले, म्हणून बोरगावच्या पत्त्यावर लिहिते.

तुमची लाडकी नात मैत्री आता बरी आहे. सकाळी लोण्यातलं अंडं तिनं संपवलं. पोळी-साखर बंद करून मिरगीसाठी हा तुपालोण्याचा आहार सुरू केला, तेव्हापासून तिला झटका आला नव्हता. शनिवारी तुम्ही तिला संत्र्याच्या दोन फोडी दिल्या आणि संध्याकाळी झटका आला. मी डॉक्टरांना विचारलं, त्यानंच आला का? "सांगता येत नाही, तापही होता. पण गोड अजिबात नको," ते म्हणाले.

तुम्ही मात्र न जेवता, न सांगता निघून गेले. बाबा, माझा तुमच्यावर राग नाही. नातीनं मागितलं, तुमच्यानं नाही म्हणवलं नाही. ती पोळी मागते तेव्हा मीही तोंड फिरवून रडते.

तुमचा गुडघा कसा आहे? आई वेळेवर गोळ्या देते ना?

मैत्री झोपली की मी तिचे ओठ पाहत बसते. जरा हलले तरी झटकाच आला समजून नर्सला हाक मारते. एकटीला लय भेव लागून राहिलं.

"आबा रुसले का?" ती विचारते. या बाबा. काही आणू नका, नुसते माझ्याजवळ बसा.

वाट पाहणारी तुमची लेक,
प्रज्ञा