चर्चच्या जागी तलाव

पिनर,
१६ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस,
वरदाचा सा. न.

आम्ही सगळे बरे आहोत. बॉयलर बदलून घेतला, त्यामुळे घर आता उबदार असतं. कबीरला हॉस्पिटलमध्ये दिवसाची ड्यूटी मिळाली. सान्वीला शाळेच्या ऑर्केस्ट्रात घेतलंय. तुमच्या गुडघ्याला आराम पडला का?

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तीनदा फोन हातात घेतला. जमलं नाही.

दोन आठवड्यांपूर्वी वेम्बलीला एका व्याख्यानाला गेले होते. विषय मॉस्कोच्या इमारती. बोलणाऱ्या बाईंनी स्वतः ईमेल करून बोलावलं होतं. मी कौन्सिलमध्ये जुन्या इमारतींचं काम बघते, म्हणून असेल असं वाटलं. वेरा त्यांचं नाव. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या.

त्या नदीकाठच्या मोठ्या चर्चबद्दल बोलल्या. १९३१ मध्ये स्टालिनच्या राजवटीत ते सुरुंग लावून पाडलं. तिथे सोव्हिएट महाल उभा राहायचा होता, पण पाया झाला आणि युद्ध आलं. मग त्याच जागी गरम पाण्याचा, उघडा, भला मोठा पोहण्याचा तलाव. सोव्हिएट राज्य गेल्यावर तलाव काढला आणि तेच चर्च पुन्हा बांधलं.

मला सगळं पाठ होतं, बाबा. बर्फ पडत असताना वाफेतून पोहणाऱ्यांची नुसती डोकी दिसायची, हे तुम्ही किती वेळा सांगितलंय! मी शेजारच्या बाईंना म्हणालेसुद्धा, "माझे बाबा तिथे पोहलेत. सहा वर्षं मॉस्कोत आर्किटेक्चर शिकले ते."

शेवटची स्लाइड म्हणजे त्यांच्या घरचा फोटो होता. १९८४चा उन्हाळा. तलावाचा कठडा, फुलाफुलांच्या फ्रॉकमधली एक तरुणी, आणि दोन वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेतलेले तुम्ही.

मी आधी हसले. तुमच्यासारखा दिसणारा कुणीतरी असेल. मग डाव्या भुवईतली खाच दिसली. दिवे लागले, लोक टाळ्या वाजवत होते, आणि मीही वाजवत होते.

वेरा सरळ माझ्याकडे आली. "तू वरदा ना? त्यांच्या निवृत्तीच्या बातमीत तुझं नाव वाचलं होतं. ईमेलमध्ये हे कसं लिहिणार? रागावू नकोस."

"तुमची काहीतरी चूक होतेय," एवढंच म्हणाले आणि कोट न घेता बाहेर पडले.

घरी येऊन आईला फोन केला. ती कोसळेल या भीतीने दहा वेळा शब्द जुळवले होते. ती म्हणाली, "लग्नाआधीच सांगितलं होतं त्यांनी. मीच म्हटलं, यापुढे तिकडे पत्र टाकायचं नाही." आवाज जरासुद्धा हलला नाही. मी सदतीस वर्षांची आहे, बाबा. आपल्या तिघांत फक्त मलाच माहीत नव्हतं.

काल वेरा आमच्याकडे जेवायला आली. मीच बोलावलं. माझा कोट घेऊन आली होती. जेवताना सान्वी माझ्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आई, तिचा हसणं सेम आजोबासारखी आहे." वेराला मराठी कळत नाही. मी इंग्रजीत सांगितलं. ती उठून बागेत जाऊन उभी राहिली, पाऊस असूनही.

तिची आई तीन वर्षांपूर्वी गेली. तुम्ही परतल्यावर दोन वर्षं तुमची पत्रं येत होती, मग थांबली. का, असं तिने मला विचारलं. मी आईचं नाव घेतलं नाही. काय सांगायचं ते तुम्ही सांगा.

डिसेंबरात पुण्याला येऊ का, असं ती विचारत होती. तुम्हाला न विचारता मी हो म्हणाले. तुमच्यावर चिडावं की रडावं, मला अजून कळत नाही. पण ती आली की दार उघडायला तुम्ही या. आईला पाठवू नका.

तुमची धाकटी मुलगी,
वरदा