वरवंटा, काकवी आणि रोहिणीचा शुक्रवारचा पेपर

निरवांगी, सोमवार

श्री. झुंबरराव यांस सावळारामचा रामराम. तुमचा गुडघा आता पारापर्यंत तरी नेतो का? चष्म्याची फुटलेली काच बसवली का? आमची फुलाबाई माहेरपणाला आलीय, तेव्हा तुमचं पथ्य कडक चाललं असणार (आमचं चाळीस वर्षं चाललंय). फोन तिकडं तीच उचलते, म्हणून मुद्दाम पत्र. इकडं सगळं झकास.

नात रोहिणीचा गणिताचा पेपर शुक्रवारी आहे. दोनदा राहिलाय, आता राहिला तर वर्ष गेलं. पोरगी अडली ती दुसऱ्या ऑर्डरच्या अवकल (म्हणजे डिफरन्शियल) समीकरणांपाशी. मी नववीतून बैलांमागं गेलेला माणूस, पण तिचं पुस्तक महिनाभर गोठ्यात बसून वाचलं, आणि झुंबरराव, त्यात भ्यायचं काही नाही! समीकरणावरून आधी साधं वर्गसमीकरण मांडायचं, त्याची दोन मुळं काढायची. मुळं संमिश्र, म्हणजे काल्पनिक भाग असलेली, आली तर वस्तू झोके घेत थांबते. खरी आणि वेगवेगळी आली तर झोका न घेता गुमान जागेवर येते. शेवटी दोन आकडे उरतात, तेही सुरुवातीला वस्तू कुठं होती आणि किती वेगानं निघाली एवढ्यावर ठरतात.

हे तिला डोळ्यांनी दिसावं म्हणून कडुनिंबाला तुमच्याकडून आणलेला स्प्रिंगचा वजनकाटा टांगला, त्याला घरचा वरवंटा बांधला आणि खेचून सोडला. नाचत नाचत थांबला. संमिश्र मुळं! मग त्याच्याखाली काकवीचा डबा ठेवला. (रोहिणी म्हणाली, "आबा, आजीची वर्षाची काकवी हाय ती!" म्हटलं, "खायची न्हाय गं, नुसतं बुडवायचंय.") वरवंटा जेवून उठलेल्या पाहुण्यासारखा सावकाश जागेवर आला. वेगळी मुळं! राहिली मधली जागा, दोन्ही मुळं सारखी. त्याला काकवी बेताची पातळ हवी. तांब्याभर पाणी घातलं, तरी जड. आणखी घातलं, तर झोका घ्यायला लागला. म्हणून दुसरा डबा ओतला. मग परत पाणी. दुपारपर्यंत दोन्ही डब्यांचं सरबत झालं.

तेवढ्यात रोहिणी कट्ट्यावरून म्हणाली, "आबा, मुळं सारखी आली की त्याच उत्तराला एक्सनं गुणायचं, दुसरं मिळतं. माझी सात गणितं झाली. आता पाणी घालू नगा."

बघा, माझी पद्धत लागू पडली!

धाकट्यांच्या पाठीवर माझा हात ठेवा.
सावळाराम

ता.क. वरवंटा तीनदा धुतला. मुंग्यांना अजून पटलेलं नाही.

ता.क. शुक्रवारपर्यंत फुलाबाईला तिकडंच ठेवा. गुडघा बरा असला तरी कण्हा. इथं तिचा आवाज चढला तर पोरीचं ध्यान उडेल. आणि येताना तिच्यासोबत काकवीचे दोन डबे धाडा.

ता.क. चष्मा झाला नसेल तर हे पत्र तीच वाचून दाखवत असेल. तर फुलाबाई, शनिवारी तू फाटकातून आत येशील तेव्हा मी मागच्या दाराशी उभा असेन, आणि चप्पल घातलेली असेल. पुढचं उत्तर तुला काढता येईल.