चुन्याखालची काच

ओरोंझो दादा,

हे पत्र मी पाठवणार नाही. आईच्या घराच्या तपासणीचा जो अहवाल देणार आहे, त्याची प्रत तुला मिळेल. त्यात हे नसेल.

परवा गावी आले. टेकडी चढताना हल्ली दम लागतो. मागच्या भिंतीच्या भेगेवर मी दोन वर्षांपूर्वी काचपट्टी चिकटवली होती. भिंत हलली की ती तडकते. पण उन्हाळ्याच्या तोंडावर इथे घरोघरी चुना देतात, तसा आईने दोन्ही वर्षी पट्टीवरही दिला.

"समुद्रावर सुट्टीला आलेली माणसं फोटो काढायला वर येतात, आणि आपल्या भिंतीवर ठिगळ?" ती म्हणाली. "एवढी शिकलीस, अन् आईचीच भिंत खरवडतेस."

काच तडकलेली निघाली. फटीत चुन्याचे दोन थर होते, म्हणजे ती गेल्या वर्षीच्या चुन्याआधीच तडकली होती. गेल्या वर्षी तपासणीला आले तेव्हा आई नुकतीच दोन दिवस शिडीवर राबली होती, म्हणून मी खरवडलं नाही. 'भिंत स्थिर' असं लिहून इंजिनिअर म्हणून सही केली. त्यानंतर वर्षभर आई त्याच भिंतीकडे डोकं करून झोपली.

घर सोडावं लागेल, हे आज तिला सांगितलं. ती उठली आणि बादलीत चुना कालवू लागली.

"जायचंच ना? मग खरवडलंस तेवढं पांढरं करून दे. शेजारीण म्हणायची, घाण टाकून गेली."

मी ब्रश घेतला. चुन्याचा दुसरा हात वाळल्यावर अहवाल लिहायला बसले.

तुझी,
दोनाता