परसातलं जाळीचं घर

इंदोरा, नागपूर
दि. १९ ऑगस्ट १९७८

प्रिय जया,
सप्रेम जयभीम.

तार परवा दुपारी मिळाली. मुलगी झाली, तुम्ही दोघी सुखरूप आहात, एवढं वाचून दादा ओट्यावरच बसला. मग उठला तो थेट रेल्वेच्या शेडमध्ये पेढे वाटायला गेला. कामावरचे कपडेही घातले नव्हते. शेजारच्या शोभाताई येऊन म्हणाल्या, "लेक झाली त लक्ष्मी आली," आणि साखरेने माझं तोंड भरून गेल्या.

दादा उद्या भंडाऱ्याला निघतो आहे. त्याच्यासोबत डिंकाचे लाडू, बाळंतशोपा आणि आईच्या जुन्या लुगड्यांचे लंगोट पाठवते आहे. लंगोट दोनदा उकळून घेतले आहेत, मऊ आहेत. हे पत्रही त्याच्याच हाती देते आहे. त्याने वाचलेलं नाही.

इकडे पाऊस बरा आहे. स्वयंपाकघराचं टिन गळत होतं, ते दादाने बदललं. विहीर काठोकाठ भरली आहे. माझी बदली भिवापूरच्या शाळेत झाली. कुणी केली नाही, मीच मागून घेतली. सिंधूमावशीकडे राहीन. तिला एकटीला मिरचीचं आणि घराचं दोन्ही होत नाही. पुढच्या आठवड्यात हजर व्हायचं आहे.

आणखी एक. परसातलं मांजरांचं घर मी काल मोडलं.

ते कसं उभं राहिलं ते तुला ठाऊकच आहे, तरी लिहिते. गेल्या महिन्यापासून ते माझ्या डोक्यात घोळतं आहे आणि बोलायला कुणी नाही.

दसऱ्याला आपण दीक्षाभूमीवरून परत आलो, त्याच आठवड्यात गल्लीतल्या कुत्र्यांनी आपल्या भुरी मांजरीचं पिल्लू फाडलं. मी दोन दिवस धड जेवले नव्हते. संक्रांतीच्या सुमारास, आपण परसात भांडी घासत असताना तू अचानक म्हणालीस, "पमे, जाळीचं घर बांधू ना वं मागं. तिघंही मांजरं आपल्या डोळ्यासमोर राहतील, कुत्र्याचं भ्या नाही." मला इतका आनंद झाला जया! लग्न होऊन आलीस तेव्हापासून तू मांजरांना नुसतं सोसत होतीस, हे मला दिसत होतं. मला वाटलं, माझ्यासाठी तू त्यांना आपलं म्हटलंस.

दादाने भंगारातून लोखंडी अँगल आणले. ड्यूटीवरून आला की ठोकत बसायचा. मुरगीजाळी मी आणली, वर टिन आणि टिनावर बुरडाकडचा तट्ट्या, म्हणजे उन्हाळ्यात तापू नये. कडुनिंबाची सावली दुपारी बरोबर तिथे येते, ती जागाही तूच दाखवलीस. आत संत्र्याच्या तीन पेट्या आडव्या ठेवल्या, एकावर एक, पायऱ्यांसारख्या. बाभळीचा ओंडका पुरून त्याला सुतळी गुंडाळली, नखं घासायला. फुटक्या घमेल्यात रेती. पाण्याला मातीचं कुंडं. आणि पेट्यांमध्ये अंथरायला तू तुझ्या जुन्या पातळांच्या छोट्या वाकळी शिवल्यास. ठकीच्या वाकळीला तर काठही लावलास. शोभाताई हसल्या होत्या, "माणसाच्या लेकराचे लाड नाही होत इतके." तू मान खाली घालून दोरा तोडलास. मला वाटलं, तुला पोटातच गेलेली आपली दोन आठवली. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला.

पहिले काही दिवस तिघंही जाळीला धरून ओरडायची. लाल बोक्याने, दगडूने, तर पंजा रक्ताळून घेतला. मी दार उघडायला गेले की तू अडवायचीस. "राहू दे. सवय होईल त्याइले." झाली सवय. शाळेतून आले की मी आत जाऊन बसायची, ठकी मांडीवर, भुरी वरच्या पेटीत, दगडू पाठ करून. मी तिथेच वह्या तपासायची. तू चहा आणून जाळीतून द्यायचीस आणि म्हणायचीस, "मास्तरीणबाई, तुम्हीबी इथंच झोपा आता."

शिमग्याच्या आधी मी मिरची आणायला भिवापूरला गेले. परत आले तर दार उघडं, आत कुणी नाही.

तू रडत होतीस. "पाणी ठेवाले गेली आणि कडी लावाची राहिली वं. माफ कर मले." मी काय माफ करणार? चुकते कडी माणसाची. उलट मीच तुला पाणी दिलं. मग आपण दोघी निघालो, आठवतं? सगळ्या गल्ल्या, नाल्याचा काठ, रेल्वेलाइनपर्यंत. तुझ्या हातात दुधाची वाटी होती. तू चमचा वाजवत माझ्या पुढे चालत होतीस आणि माझ्यापेक्षा मोठ्याने हाका मारत होतीस, "ठके! भुरे! ये वं माय!" माझा आवाज बसला तरी तू थांबली नाहीस. त्यानंतरचे चार दिवस संध्याकाळी तूच म्हणायचीस, "चल, आज मठाकडच्या बाजूनं पाहू."

पुढे उन्हाळ्यात शोभाताईंनी मला नळावर विचारलं, "तुया वहिनीले कितवा लागला?" एका घरात राहून तुला दिवस गेलेत हे मला माहीत नव्हतं. तरी मी राग धरला नाही. दोनदा पोट पडल्यावर माणूस बोलायला भितं. दोन्ही वेळा दवाखान्यात तुझ्या उशाशी मीच होते, म्हणून मला ती भीती ठाऊक होती. मी तुला एका शब्दाने विचारलं नाही. कैऱ्या आणून दिल्या, पाण्याच्या बादल्या उचलू दिल्या नाहीत.

बाळंतपणासाठी तू भंडाऱ्याला माहेरी गेलीस. मी मात्र रोज जाळीचं दार उघडं टाकून आत दूध ठेवत होते. कधी ना कधी एखादं येईल. एक दिवस दादा मागच्या दारात उभा होता. म्हणाला, "नको ठेवू वं दूध."

"काहून?"

"ते येत नाहीत आता. मीच सोडून आलो त्याइले."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. तो बोलत गेला. ओळखीच्या ट्रकवाल्यासोबत, संत्र्याच्या पेटीत घालून वरून पोतं बांधून, बुटीबोरीच्या पुढे सडकेवर. तुझ्या आईंनी सांगितलं होतं म्हणे, मांजराच्या केसापायी पोट राहत नाही, पहिली दोन त्यापायीच गेली.

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"जया म्हणे, प्रेमिला ऐकणार नाही. मोकळी मांजरं हाती लागत नाहीत. पहिले एका जागी राहाची सवय लावू, मंग पमी भिवापूरले गेली का नेऊन टाकजा."

"हे घर बांधाच्या पहिले बोलली का नंतर?"

दादाने खाली पाहिलं. "पहिले," म्हणाला. "मले तेव्हा काही समजत नव्हतं वं. जया रोज रडे."

माझ्या हातातली वाटी मी तशीच आत नेऊन ठेवली. त्याच्यावर मी ओरडले नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकली आणि त्याला म्हटलं, ती जागा दाखव.

सडकेच्या कडेला एका चहाच्या टपरीपाशी आम्ही उतरलो. टपरीवाल्या रंभाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तीन होते. लाल बोका दोन दिस सडकेच्या मधात बसून ओरडे. मंग ट्रकखाली गेला. एक कुठं गेली माहीत नाही. एक आहे माझ्यापाशी."

ठकी होती. बारीक झाली होती, एक कान फाटलेला. मी हाक मारली. तिने ओळखलं जया, मला खात्री आहे, कारण ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग मागे मागे सरकत खोक्याखाली शिरली. मी जमिनीवर बसून किती विनवलं. शेवटी रंभाबाई चहा गाळायला उठल्या तशी ती बाहेर आली आणि त्यांच्या पायाशी अंग घासू लागली.

"न्या वं बाई, तुमचं असन त," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "माझं नाही."

बसमध्ये दादा सारखा डोळे पुसत होता.

तुला एवढंच सांगायचं आहे. पोटातल्या जिवासाठी मांजरं जायला हवीत असं तू मला सांगितलं असतंस, तर मी आधी भांडले असते. आपल्या हॉस्टेलमध्ये असल्या खुळांविरुद्ध तू केलेली भाषणं तुलाच ऐकवली असती. आणि मग तुझं तोंड बघून मीच त्यांना भिवापूरला मावशीकडे नेलं असतं. उंदरांनी तिचं कोठार पोखरलं आहे, ती खूश झाली असती. दगडू आज जिवंत असता. तू मला ओळखत होतीस. या घरात तुला मी आणलं, दादासाठी दुसरी कुणी बघितलीच नाही, कारण मला माझी मैत्रीण घरात हवी होती. तरीही तुला वाटलं, पमीला सांगण्यापेक्षा पमीला फसवणं सोपं.

मांजरं गेल्याचं मी सोसेन. पण तू माझ्या पुढे चालत हाका मारत होतीस, ते मला सोसवत नाही.

काल जाळी कापली, अँगल दादाने भिंतीला लावून ठेवले. वाकळी जाळल्या. घर वरपासून खालपर्यंत फिनाईलने धुतलं आहे, गाद्या उन्हं पडली तशा वाळवल्या आहेत. तू मुलीला घेऊन निर्धास्त ये. मांजराचा एक केस सापडणार नाही. माझी खोली रिकामी आहे, तिथे उजेड चांगला येतो, पाळणा तिथेच बांधा.

नामकरणाला मी येईन. मुलीला मांडीवर घेईन, सोन्याची बाळी घालीन, लोकांसमोर तुझ्याशी नीट बोलेन. त्या लेकराचा यात काही दोष नाही, आणि तिच्यासाठी मी कधीही, कुठूनही धावत येईन. तुझ्यासाठी येईन की नाही, ते आज मला सांगता येत नाही.

थंड पाण्यात हात घालू नकोस. टाळू भरत जा.

तुझ्या मुलीची आत्या,
प्रेमिला