आईची कॅसेट आणि माझे कान

मी, खाली सही करणारी, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली अविवाहित बाई, हे मृत्युपत्र स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय करीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. कानांचा दाखलाही जोडला आहे. तो कायद्याला लागत नाही, पण कलम चार वाचणाऱ्याला लागेल. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते लिहिताना मी फार तोऱ्यात होते.

कलम १. राहता दोन खोल्यांचा ब्लॉक माझ्या पश्चात भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला, मिळावा. स्वयंपाकघरातला नळ गळतो. मला अलीकडे ऐकू येत नाही, पण गळतो.

कलम २. बँकेतल्या ठेवीतून माझा शेवटचा खर्च भागवून उरेल ते एक्स्चेंजमधल्या शेजारच्या खुर्चीवरच्या मैत्रिणीला द्यावं. मी चुकीचे जोडलेले फोन तिने गुपचूप निस्तरले. तिखट कानांची म्हणून नाव मात्र माझं झालं, आणि मी ते होऊ दिलं.

कलम ३. कॅसेट प्लेअर दुरुस्तीचे बारीक स्क्रू ड्रायव्हर कोपऱ्यावरच्या घड्याळजींना द्यावेत. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर ज्याला उचलवतील त्याने न्यावेत. हेडफोन दुकानदाराला परत विकू नयेत. "बाई, तुमच्यासारखे कान गावात नाहीत," असं म्हणून त्याने सगळ्यांत महाग जोडी माझ्या गळ्यात मारली. माझा त्याच्यावर राग आहे. हरभऱ्याच्या झाडावर मीच हौसेने चढले, हेही खरं.

कलम ४. माझा गाण्यांचा संग्रह. निवृत्तीनंतर मी सगळ्या रेकॉर्डी आणि कॅसेटी कंप्युटरवर उतरवल्या. त्यासाठी एन्कोडर निवडावा लागतो, म्हणजे आवाजाची फाईल कशी बांधायची हे ठरवणारा प्रोग्रॅम. फ्लॅक हा प्रकार आवाजातलं काहीच टाकत नाही, पण फाईल अवाढव्य होते. एमपीथ्री माणसाच्या कानाला सहसा कळणार नाही ते गाळतो आणि फाईल लहान करतो. मी अर्थातच फ्लॅक घेतला. जे कोणाला कळत नाही ते मला कळतं, असं मी सांगत फिरत असे.

या संग्रहात आईची एक कॅसेट आहे. ती शिलाई मशीन चालवताना गुणगुणायची. कॉलेजात असताना भावाने ते तिच्या नकळत रेकॉर्ड केलं होतं. आई गेल्यावर त्याने माझ्याकडून फाईल नेली, तिचं अगदी छोटं एमपीथ्री केलं आणि सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर पाठवलं. पुढे सगळे जमले असताना मी म्हणाले, "मशीनची टकटक पार चिखलात गेलीय. आईचा गळा घोटलास तू. गाढवाला गुळाची चव काय!"

तो म्हणाला, "ताई, जन्मभर टेलिफोनच्या खरखरीत तू माणसं ओळखलीस. आणि आईला ओळखायला तुला एवढी मोठी फाईल लागते?"

कोणीतरी हसलं. त्या हसण्याचा राग धरून मी कॅसेट कुलपात टाकली आणि "ही तुला मिळायची नाही" असं त्याला सुनावलं. तेव्हापासून त्याने या घराची पायरी चढलेली नाही.

गेल्या महिन्यात भाची आली. तिने लॅपटॉपवर आईचं गुणगुणणं दोन्ही प्रकारांत लावलं. "आत्या, पाठ फिरव. यातलं तुझं कुठलं?"

"हे काय, हे. मशीन बघ कसं जिवंत वाजतंय."

तिने उलटसुलट करून पुन्हा लावलं. मी पुन्हा तेच निवडलं. आपला तो बाब्या आपल्याला ओळखू येणार नाही होय? मी वळले तर ती माझ्याकडे बघेना.

"बरोबर ना गं?"

"आत्या, चहा टाकू का?"

मी पडद्यावर वाचलं. भावाची फाईल होती. दर वेळी भावाचीच.

कानांच्या डॉक्टरांनी सांगितलं की वरचे बारीक आवाज मला ऐकू येईनासे होऊन बरीच वर्षं झाली. आमच्या भांडणाच्या आधीपासूनच. ज्या टकटकीपायी मी भावाला तोडलं, ती मला तेव्हाही नीट ऐकू येत नव्हती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. कान म्हातारे होतात, त्यात लाज कसली? ऐकू येत नसताना मी ऐकू येण्याचा आव आणला आणि चारचौघांत त्याला गाढव म्हटलं, याची मला फार लाज वाटते.

कॅसेट त्यालाच ठेवणार होते. पण वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार करू नये. आणि मला तो साक्षीदार हवा आहे, कारण हे कलम त्याने मी समोर असताना वाचावं. त्याला फोन करायचं धाडस होत नाही. हजारो लोकांचे फोन जोडून दिले, त्याचा नंबर मात्र अर्धा फिरवून ठेवून देते. सहीला बोलावलं तर येईल. कोणाच्या कागदपत्राला त्याने कधी नाही म्हटलेलं नाही. सबब, कॅसेट भाचीला द्यावी.

कलम ५. (हाताने वाढवलेलं.) भाऊ आला. उभ्यानेच सगळं वाचलं, कलम चार दोनदा. मी त्याच्या चपलांकडे बघत होते. त्याने पेन टेबलावर ठेवलं.

"मी सही करणार नाही, ताई."

मला वाटलं, संपलं. म्हणाले, "तुझं बरोबर आहे."

"काय बरोबर आहे? सही केली तर कॅसेट हातची जाते ना? रेकॉर्ड मी केलंय ते, मला हवीय. तू दुसरा साक्षीदार बघ." मग खुर्ची ओढून बसला. "आणि कशात उतरवू ते आत्ताच सांग. नंतर किटकिट नको."

"तुझ्या कानाला बरं वाटेल त्यात."

"माझ्या? मला दारावरची बेल ऐकू येत नाही हल्ली. पोरीला विचारू."

सबब, कलम चारमधली कॅसेट भाचीऐवजी भावाला मिळावी. एन्कोडर भाची निवडेल. तिच्या निवडीवर आम्हा दोघांपैकी कोणी ब्र काढणार नाही.

ठिकाण: राहतं घर, बाहेरची खोली.
दिनांक: भाऊ घरी आला तो सोमवार.

सही: मृत्युपत्र करणारी, ताई

साक्षीदार:
१. खालच्या मजल्यावरचे शिंपी (सही)
२. वकीलबाईंचे कारकून (सही)

धाकटा भाऊ: हजर होता. सही केली नाही.